चित्रकमुळाच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता आणि पेशीविषारीपणा कसा तपासावा : नागपुरातील विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

औषधी वनस्पतीच्या मुळाचा अर्क काढायचा, त्याची अँटिऑक्सिडंट चाचणी करायची, मग कर्करोगाच्या पेशींवर तो टाकून पाहायचा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून ‘ही वनस्पती अँटिऑक्सिडंट असल्यामुळे कर्करोगविरोधी आहे’ असे लिहायचे, ही पद्धत आपल्याकडच्या एम.एस्सी. आणि एम.फार्म.च्या प्रबंधांमध्ये इतकी रुळली आहे की त्या वाक्यातील ‘असल्यामुळे’ हा शब्द कोणी तपासतच नाही. चित्रकाचे मूळ हाती घेतले की तो शब्द टिकत नाही. म्हणून या लेखासाठी मी मुद्दाम चित्रक निवडला आहे. पुढे दिलेली कृती अश्वगंधा, शतावरी किंवा अनंतमूळ यांच्या मुळांनाही बहुतांशी लागू पडेल, परंतु चित्रक जितके शिकवतो तितके त्यांतील एकही मूळ शिकवत नाही.

चित्रक, म्हणजे प्लम्बॅगो झेलॅनिका, हे पांढऱ्या फुलांचे झुडूप आहे. त्याच्या फुलाच्या बाह्यदलपुंजावर चिकट ग्रंथिल केस असतात आणि झाडीतून चालताना ते कपड्यांना चिकटून येतात. मुळातील मुख्य घटक प्लम्बाजिन हा नारिंगी-पिवळ्या रंगाचा नॅफ्थोक्विनोन, म्हणजे क्विनोन गटातील संयुग आहे. त्याचे रेणुसूत्र सी११एच८ओ३ आणि रेणुभार १८८.१८ आहे. ओले मूळ कातडीवर चोळले तर फोड येतात, मूळ जास्त मात्रेत पोटात गेले तर ते दाहक ठरते आणि गर्भवतींना ते पूर्वापार निषिद्ध आहे. आयुर्वेदात ते वापरण्यापूर्वी चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध करण्याची पद्धत आहे ती यासाठीच. या सर्व कामात हातमोजे आणि चष्मा घालावाच, आणि मुळाचे चूर्ण करताना मुखपट्टीही लावावी, कारण त्या धुळीने नाक आणि डोळे जळतात.

मूळ कोठून आणावे आणि ते तेच आहे हे कसे ओळखावे

इतवारीतील काष्ठौषधींच्या दुकानात चित्रकमूळ सहज मिळते, परंतु संशोधनासाठी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातील मूळ कोणत्या ऋतूत काढले, किती वर्षे गोणीत पडून होते आणि ते पांढऱ्या चित्रकाचे आहे की लाल चित्रकाचे, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. लाल चित्रक, म्हणजे प्लम्बॅगो इंडिका, ही वेगळी जाती आहे. प्लम्बाजिन तिच्यातही असते, त्यामुळे केवळ रासायनिक कसोटीवर दोन्हींतील भेद उघड होत नाही. बागेत शोभेसाठी लावलेला निळ्या फुलांचा चित्रक ही तिसरी जाती झाली.

उत्तम मार्ग म्हणजे फुलोऱ्यावरचे झाड स्वतः पाहून, पावसाळा संपल्यावर, निदान वर्षभर वाढलेल्या झाडाची मुळे काढणे. जंगलातून मुळे काढायची असतील तर वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि गावाकडे सामूहिक वनहक्क असेल तर आधी ग्रामसभेला विचारावे. मूळ काढले की झाड बहुधा मरते, त्यामुळे वनौषधींच्या रोपवाटिकेतून रोपे आणून महाविद्यालयाच्या आवारात लावणे आणि दीड वर्षाने त्यांचीच मुळे वापरणे हा मला सर्वांत स्वच्छ उपाय वाटतो. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये झाला आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. तुमच्या कामाला पुढे व्यापारी वळण लागण्याची किंवा परदेशी सहकाऱ्याला नमुना पाठवण्याची शक्यता असेल, तर नियम काय म्हणतात हे तेथे आधीच विचारून घ्यावे.

फुलांसह एक फांदी दाबून, वाळवून तिचा वनस्पतिपट (हर्बेरियम नमुना) तयार करावा आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून तिची ओळख पटवून नोंदक्रमांक घ्यावा. हा क्रमांक नसलेला प्रबंध कितीही सुबक असला तरी त्यातील आकडे नेमके कोणत्या झाडाचे आहेत हे कोणालाही सांगता येत नाही. दरम्यान एक सोपी कसोटी लगेच करून पाहता येते. मुळाच्या चिमूटभर चुर्णावर थोडे हेक्झेन ओतून हलवावे, वरचा पिवळा द्रव दुसऱ्या नळीत घ्यावा आणि त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब टाकावेत. प्लम्बाजिन असेल तर खालच्या थरात लालसर-जांभळा रंग उतरतो. रंग आला नाही, तर मूळ जुने आहे किंवा ते चित्रकच नाही.

वाळवणे, आणि नागपूरचा उन्हाळा

मुळे धुऊन, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून सावलीत वाळवावीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि गच्चीवर टाकलेली मुळे दोन दिवसांत कडक होतात, त्यामुळे मोह होतो. तो टाळावा. प्लम्बाजिन ७५ ते ७९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, पण त्याहून बरेच कमी तापमान असतानाही ते हळूहळू उडून जाते. वाफेबरोबर तर ते सहज निघते, आणि म्हणूनच ते वाफेच्या ऊर्ध्वपातनाने वेगळे करता येते. तापलेल्या स्लॅबवर वाळवलेल्या मुळाने आपला सर्वांत महत्त्वाचा घटक हवेत सोडलेला असतो. ओव्हन वापरायचा असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नये. वाळलेली मुळे भरड दळून ४० क्रमांकाच्या चाळणीतून गाळावीत आणि घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, तारीख लिहून ठेवावीत. मिक्सर सलग चालवला की भांडे तापते, म्हणून तो थांबवून थांबवून चालवावा.

अर्क : एकच नको, चार हवेत

बहुतेक विद्यार्थी फक्त मेथॅनॉलचा अर्क काढतात. चित्रकाच्या बाबतीत यात मोठे नुकसान आहे, कारण मेथॅनॉल प्लम्बाजिन आणि फिनॉल वर्गातील संयुगे दोन्ही एकत्र उचलते, आणि मग कोणता परिणाम कशामुळे झाला हे कळायला वाव राहत नाही. त्याऐवजी तेच चूर्ण क्रमाने हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, मेथॅनॉल आणि पाणी यांत काढावे. प्लम्बाजिनचा मोठा हिस्सा पहिल्या दोन विद्रावकांत निघून जातो, तर फ्लॅव्होनॉइड, टॅनिन यांसारखे ध्रुवीय घटक मुख्यतः मेथॅनॉल आणि पाण्यात येतात. एकाच मुळातील दोन स्वभाव अशा रीतीने वेगवेगळ्या बाटल्यांत वेगळे होतात.

५० ग्रॅम चूर्ण ५०० मिलिलिटर हेक्झेनमध्ये, झाकणबंद शंकूपात्रात, खोलीच्या तापमानाला २४ तास हलवत ठेवावे, गाळावे आणि त्याच चुर्णावर पुन्हा दोन वेळा नवे हेक्झेन घालावे. तिन्ही वेळा गाळलेले द्रव एकत्र करून रोटरी बाष्पित्रावर ४० अंशांच्या आत आटवावेत. चूर्ण पूर्ण सुकवून मग पुढचा विद्रावक घ्यावा, नाहीतर मागचा विद्रावक पुढच्या अर्कात मिसळतो. सॉक्सलेट उपकरणाने हेच काम एका दिवसात होते, परंतु त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो आणि उडून जाणाऱ्या घटकासाठी ते मला योग्य वाटत नाही. हेक्झेन अतिज्वलनशील आहे, म्हणून या कामाच्या खोलीत बर्नर पेटता नसावा. पाण्याचा अर्क आटवण्याऐवजी शक्य असल्यास गोठवून सुकवावा.

प्रत्येक अर्काचे वजन करून उतारा टक्क्यांत लिहावा. समजा ५० ग्रॅम चुर्णापासून ०.९ ग्रॅम हेक्झेन अर्क मिळाला, तर उतारा १.८ टक्के झाला. हा आकडा पुढे लागतो, कारण अर्काच्या प्रत्येक ग्रॅममागे दिसलेला गुण मुळाच्या प्रत्येक ग्रॅममागे किती, हे त्याशिवाय काढता येत नाही. चारही अर्कांची पातळ थर वर्णलेखन तबकडी टोल्युईन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात चालवावी, शेजारी शुद्ध प्लम्बाजिनचा ठिपका लावावा आणि नंतर मेथॅनॉलमधील १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड फवारावे. पिवळा ठिपका गुलाबी-जांभळा झालेला जेथे दिसेल तेथे प्लम्बाजिन आहे. कोणत्या बाटलीत किती आहे याचा डोळ्यांनी बांधलेला हा अंदाज पुढची सगळी चर्चा सावरतो.

एकूण फिनॉल

फोलिन-सिओकाल्ट्यू पद्धतीत ०.५ मिलिलिटर नमुना, दहापट पातळ केलेले २.५ मिलिलिटर अभिकारक, आणि ५ मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेटचे २ मिलिलिटर द्रावण, असे मिसळून ३० मिनिटे अंधारात ठेवावे आणि ७६५ नॅनोमीटरवर शोषकता मोजावी. गॅलिक आम्लाची १० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी प्रमाणरेषा त्याच दिवशी, त्याच अभिकारकाने काढावी. समजा २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर संहतीच्या अर्काची शोषकता गॅलिक आम्लाच्या २४ मायक्रोग्रॅमइतकी आली, तर उत्तर प्रति ग्रॅम अर्क १२० मिलिग्रॅम गॅलिक आम्लतुल्य. हा अभिकारक कोणत्याही क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, पदार्थाशी रंग देतो, त्यात काही शर्करा आणि क जीवनसत्त्वही आले. म्हणून ‘एकूण फिनॉल’ हे नाव ढोबळच समजावे.

डीपीपीएच : जेथे सर्वाधिक चुका होतात

डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे स्थिर मुक्त मूलक आहे आणि अँटिऑक्सिडंट पदार्थ ते निष्प्रभ करतो तसा त्याचा रंग फिका होतो. १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडलेली ही चाचणी स्वस्त आहे, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते आणि तीस मिनिटांत उत्तर देते. कदाचित यामुळेच ती सर्वांत निष्काळजीपणे केली जाते. डीपीपीएचचा रेणुभार ३९४.३ आहे, म्हणून ३.९४ मिलिग्रॅम १०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये विरघळवले की ०.१ मिलिमोलर द्रावण मिळते. ते रोज नवे करावे आणि बाटलीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. वातानुकूलन नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात उघड्या नळ्यांतून मेथॅनॉल डोळ्यांदेखत उडते आणि संहती वाढत जाते, म्हणून नळ्यांना झाकणे लावावीत. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे.

नळीत १ मिलिलिटर अर्क आणि ३ मिलिलिटर डीपीपीएच घ्यावे. नियंत्रण, म्हणजे तुलनेची नळी म्हणून १ मिलिलिटर मेथॅनॉल आणि ३ मिलिलिटर डीपीपीएच ठेवावे. तिसरी नळी बहुतेक जण विसरतात : १ मिलिलिटर अर्क आणि ३ मिलिलिटर नुसते मेथॅनॉल. चित्रकाचा कच्चा अर्क पिवळसर-तपकिरी असतो आणि डीपीपीएचचा जांभळा रंग ज्या ५१७ नॅनोमीटरवर मोजतात तेथे त्या तपकिरी रंगाचा काही भागही मोजला जातो. हा रंग वजा केला नाही तर अर्क आहे त्याहून दुबळा दिसतो, आणि संहती वाढवत नेली तर वक्र एका ठिकाणी अडकून मागे वळल्यासारखा भासतो. एका विद्यार्थिनीने माझ्याकडे असाच उलटा वळलेला वक्र आणला होता आणि त्यासाठी तिने तीन दिवस रसायनशास्त्रीय स्पष्टीकरण शोधले होते. रंगाची नळी लावताच वक्र सरळ झाला.

उत्तर काढताना नमुन्याच्या शोषकतेतून रंगाच्या नळीची शोषकता वजा करावी, ती बाकी नियंत्रणातून वजा करावी, नियंत्रणाने भागावे आणि शंभराने गुणावे. मग टक्केवारी विरुद्ध संहती असा आलेख काढून आयसी ५०, म्हणजे निम्मा परिणाम घडवणारी संहती, काढावी. येथे दुसरा खड्डा आहे. तुम्ही ८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा अर्क घेतला, पण नळीत तो चौपट पातळ झाला, म्हणजे प्रत्यक्ष संहती २० आहे. काही लेख पहिला आकडा देतात, काही दुसरा, आणि कोणता दिला हे लिहीत नाहीत. नेहमी नळीतील अंतिम संहती द्यावी आणि तसे शब्दांत लिहावे.

आपली चाचणी बरोबर चालली आहे की नाही, हे पाहण्याचा एक मार्ग मी सर्वांना सांगतो. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू निष्प्रभ करतो. आपल्या नळीत डीपीपीएचची संहती ०.०७५ मिलिमोलर आहे, तिचा अर्धा भाग ०.०३७५ होतो, आणि तो संपवायला ०.०१८७५ मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल लागते. रेणुभार १७६.१ धरला तर हे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झाले. तुमच्या हातून ॲस्कॉर्बिक आम्लाचा आयसी ५० या आकड्याच्या आसपास यायलाच हवा. तो ३० आला, तर वजनात, पातळीकरणात किंवा आम्लाच्या जुन्या बाटलीत काहीतरी बिघडले आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत अर्काचा एकही आकडा वहीत उतरवू नये.

मोजमाप केवळ तिसाव्या मिनिटाला न घेता ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी घ्यावे. ॲस्कॉर्बिक आम्लाची क्रिया मिनिटाच्या आत संपते, टॅनिन मात्र तासभर रेंगाळते. प्लम्बाजिन क्विनोन असल्यामुळे आधीच ऑक्सिडीकृत अवस्थेत आहे आणि डीपीपीएचला देण्याजोगा हायड्रोजन त्याच्यापाशी फारसा मोकळा नाही. त्यामुळे हेक्झेन अर्क या चाचणीत दुबळा आणि मेथॅनॉल अर्क प्रबळ ठरावा, अशी अपेक्षा ठेवावी.

जोडीला एबीटीएस चाचणी करावी (तत्त्व तेच, मूलक वेगळे). तिची आज सर्वत्र वापरली जाणारी रीत री आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दिली. १० मिलिलिटर पाण्यात ३८.४ मिलिग्रॅम एबीटीएसचे अमोनियम लवण आणि ६.६ मिलिग्रॅम पोटॅशियम परसल्फेट विरघळवून १२ ते १६ तास अंधारात ठेवले की निळे-हिरवे मूलक तयार होतात. ७३४ नॅनोमीटरवर शोषकता ०.७० येईपर्यंत ते इथेनॉलने पातळ करून वापरावे. या तरंगलांबीवर वनस्पतींचे रंग फार कमी लुडबुड करतात, आणि चित्रकासाठी हा मोठाच फायदा आहे. लोहक्षपण चाचणी, जी बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये मांडली, तीही ५९३ नॅनोमीटरवर करता येते, परंतु दोन चाचण्या नीट झाल्या असतील तर तिसरी केलीच पाहिजे असे नाही.

पेशींकडे वळण्यापूर्वी : कांदा आणि आर्टेमिया

नागपुरातील अनेक महाविद्यालयांत पेशीसंवर्धनाची सोय नाही, पण म्हणून पेशीविषारीपणाचा प्रश्न सोडून द्यावा लागत नाही. कांद्याच्या मुळाग्राची चाचणी लेव्हान यांनी १९३८ साली मांडली आणि तिला एक चांगला सूक्ष्मदर्शक पुरतो. कॉटन मार्केटमधून एकाच ढिगातले, सारख्या आकाराचे, मोड न आलेले कांदे घ्यावेत. वरची कोरडी साले काढावीत आणि जुन्या मुळांची चकती मुळांकुरांना धक्का न लावता हलकेच खरवडावी. कांदे पाण्यावर ठेवून मुळे १ ते २ सेंटिमीटर झाली की अर्काच्या वाढत्या संहतींमध्ये २४ तास ठेवावेत. प्रत्येक संहतीला पाच कांदे, विद्रावकाचे वेगळे नियंत्रण आणि शुद्ध पाण्याचे नियंत्रण हवे. द्रावणाचा सामू तपासावा, कारण आम्लपणामुळेही मुळांची वाढ थांबते. तापमान २० ते २५ अंश असावे. एप्रिल-मेमध्ये कुलरच्या खोलीत हे जमत नाही आणि कांदेही कुजतात, म्हणून हाही प्रयोग हिवाळ्यातच करावा.

मुळाग्रे तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात स्थिर करावीत, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर काही मिनिटे मऊ करावीत, ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबावीत. प्रत्येक कांद्यामागे निदान १,००० पेशी मोजून त्यांतील विभाजन पावणाऱ्या पेशींची टक्केवारी, म्हणजे समविभाजन निर्देशांक काढावा. मोजणाऱ्याला काचपट्टी कोणत्या गटाची आहे हे माहीत नसावे. मित्राकडून पट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक लिहून घेतले की हे विनाखर्च साधते. चिकटलेली गुणसूत्रे, पूल, तुटके तुकडे दिसले तर त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या कोळंबीसारख्या जीवाची चाचणी, मेयर आणि सहकाऱ्यांची १९८२ ची, याहूनही सोपी आहे. मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या दुकानातील अंडी सागरी मिठाच्या द्रावणात २४ ते ४८ तास उबवावीत, ५ मिलिलिटरच्या प्रत्येक कुपीत दहा डिंभके (पिल्ले) सोडावीत आणि २४ तासांनी मेलेली मोजावीत. अर्क विरघळवणारे डायमिथिल सल्फॉक्साइड १ टक्क्याच्या आत असावे आणि पोटॅशियम डायक्रोमेटचे धन नियंत्रण (हमखास विषारी ठरणारे) ठेवावे. नियंत्रणातच दहा टक्क्यांहून अधिक डिंभके मेली तर प्रयोग पुन्हा करावा.

पेशींवरील चाचणी

पेशीवाण, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या एकाच मूळच्या पेशी, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. जिवंत पेशींची बाटली उन्हाळ्यात आणू नये, कारण ३७ अंशांवर सुखाने वाढणाऱ्या पेशी ४३ अंशांच्या डब्यात रात्रभराचा प्रवास सहन करत नाहीत. आल्यावर मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूच्या संसर्गाची तपासणी करावी आणि पेशींची नव्या बाटलीत किती वेळा पेरणी झाली याची नोंद ठेवावी.

कर्करोगाचा एक वाण आणि सोबत एक बिगरकर्करोगी वाण घेणे आवश्यक आहे, कारण सर्वांनाच मारणारा अर्क हे साधे विष झाले. येथे एचईके २९३ या मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या वाणाला ‘सामान्य पेशी’ म्हणण्याची चूक अनेकदा होते. त्या पेशींत ॲडिनोव्हायरसचे जनुकीय तुकडे घालून त्या अमर केल्या आहेत. मानवी रक्तातील लसिकापेशी वापरायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी.

एमटीटी या पिवळ्या रंजकाची चाचणी मॉसमन यांनी १९८३ मध्ये दिली. ९६ खळग्यांच्या थाळीत प्रत्येक खळग्यात ५,००० ते १०,००० पेशी पेरून २४ तास चिकटू द्याव्यात, मग अर्क घालून २४ आणि ४८ तास ठेवावे. अर्काचे मूळ द्रावण ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर केले तर विद्रावक ०.५ टक्के ठेवून २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत जाता येते. त्यानंतर एमटीटीची अंतिम संहती ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवून ३ ते ४ तास थांबावे, जांभळे स्फटिक डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवावेत आणि ५७० नॅनोमीटरवर मोजावे.

आता मुख्य अडचण. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे क्षपण करून ते जांभळे करतात, पण तेच काम फिनॉलयुक्त अर्क पेशींशिवायही करतो. म्हणजे ज्या गुणाला आपण आधी अँटिऑक्सिडंट म्हणून शाबासकी दिली, तोच गुण येथे मेलेल्या पेशींना जिवंत दाखवतो. प्लम्बाजिनच्या चक्रातून (ते पुढे सांगितले आहे) तयार होणारे सुपरऑक्साइडही हे क्षपण करू शकते. उपाय तीन आहेत. पेशी नसलेल्या खळग्यांत अर्क आणि एमटीटी घालून येणारी शोषकता वजा करावी, एमटीटी घालण्यापूर्वी अर्कयुक्त माध्यम काढून पेशी बफरने धुवाव्यात, आणि निकाल वेगळ्या तत्त्वावरील दुसऱ्या चाचणीने पडताळावा. चित्रकासाठी मी सल्फोऱ्होडामाइन बी चाचणी सुचवेन. १९९० मध्ये स्केहान आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या या पद्धतीत पेशी थंड ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने जागीच स्थिर करून त्यांतील प्रथिने रंगवली जातात, त्यामुळे अर्काच्या क्षपणशक्तीचा तिच्याशी संबंध येत नाही आणि अर्काचा रंगही धुऊन जातो.

उलट दिशेनेही फसगत होते. फिनॉल वर्गातील काही संयुगे संवर्धन माध्यमात आपोआप ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि मग पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात. माध्यमात कॅटालेझ (पेरॉक्साइड मोडणारे एन्झाइम) घालून एक थाळी चालवली आणि विषारीपणा नाहीसा झाला, तर तो माध्यमातला आभास होता असे समजावे.

दोन आकडे एकत्र वाचताना

प्लम्बाजिन पेशीला कसे मारते ते येथे लक्षात घ्यावे लागते. पेशीतील विकरे (एन्झाइम) त्याला एक इलेक्ट्रॉन देतात, तो इलेक्ट्रॉन प्लम्बाजिन ऑक्सिजनला देऊन मोकळे होते, त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते. शिवाय ते ग्लुटाथायोन या पेशीतील संरक्षक रेणूच्या गंधक असलेल्या टोकाशी थेट जोडले जाऊन पेशीची ढाल संपवते. म्हणजे पेशी मारणारा घटक ऑक्सिडीकारक ताण वाढवून मारतो. हेक्झेन अर्क डीपीपीएचमध्ये दुबळा आणि पेशींवर तीव्र, तर मेथॅनॉल अर्क डीपीपीएचमध्ये प्रबळ आणि पेशींवर सौम्य, असे चित्र मिळाले तर ‘असल्यामुळे’ हा शब्द तेथेच गळून पडतो. ते चित्र मिळाले नाही, तर कोणत्या अर्कात किती प्लम्बाजिन गेले हे तबकडीवर पुन्हा पाहावे.

यंत्रणा सिद्ध करण्यासाठी अनेक जण ॲसिटिलसिस्टीन आधी देऊन पेशी वाचतात का ते पाहतात. पेशी वाचतीलही, परंतु ॲसिटिलसिस्टीनमधील गंधकाचा गट प्लम्बाजिनला बाहेरच पकडून निकामी करतो, त्यामुळे एवढ्याने ऑक्सिडीकारक ताण हेच कारण आहे असे ठरत नाही. सोबत कॅटालेझचा प्रयोग आणि पेशीतील ग्लुटाथायोनचे मोजमाप ठेवावे.

कच्च्या अर्काचा आयसी ५० साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तरच तो पुढे तपासण्याजोगा मानण्याचा प्रघात आहे. २०० पर्यंत जाऊनही निम्म्या पेशी मेल्या नाहीत, तर ‘२०० पेक्षा अधिक’ एवढेच लिहावे आणि रेषा पुढे ओढून आकडा काढू नये. एकाच थाळीतील तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेरणीच्या पेशींवर केलेले तीन प्रयोग हवेत आणि सरासरीबरोबर प्रमाण विचलन त्यांवरूनच काढावे. बिगरकर्करोगी पेशींचा आयसी ५० कर्करोगी पेशींच्या आयसी ५० ने भागून निवडकतेचा निर्देशांक काढावा, आणि तो एकच्या आसपास आला तरी तो जसाच्या तसा छापावा. थाळीतील मायक्रोग्रॅमवरून माणसाला द्यायची मात्रा काढता येत नाही, हे वाक्य चर्चेत स्पष्ट शब्दांत असावे, कारण असे प्रबंध वाचून घरी चित्रकाचा काढा करून पिणारी माणसे आपल्या आसपास आहेत, आणि त्यांपैकी कोणी गर्भवती किंवा किमोथेरपी चालू असलेली व्यक्ती असू शकते.

उरलेले अर्क लहान काचेच्या कुप्यांत वाटून, वर नायट्रोजन फिरवून, उणे २० अंशांवर ठेवावेत आणि प्रत्येक कुपीवर वनस्पतिपटाचा नोंदक्रमांक, विद्रावक, उतारा आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई मेथॅनॉलच्या एका थेंबाने पुसली जाते.